प्रवेश आणि आपलेपण

(वर्षावास व्याख्यानमालेत विहारामध्ये एका वकील उपासकाने दिलेले व्याख्यान)



या मालिकेत आपण आजवर पंचशील, अष्टांगिक मार्ग आणि बावीस प्रतिज्ञा यांवर विवेचने ऐकली. आजचा माझा विषय ऐकून काहींना वाटेल की, हा विहारात बोलण्याचा विषय नव्हे. आपली मुले-मुली महाविद्यालयात आणि विद्यापीठात जातात, तेथे ती एकाकी पडतात; हे एकाकीपण कशातून येते आणि ते दूर करण्याचे कर्तव्य कोणाचे, हा तो विषय होय. माझ्या मते तो विहाराचाच विषय आहे. कारण संघ म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

ज्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते, त्या घरचा मुलगा विद्यापीठात जातो तेव्हा साऱ्या वस्तीत पेढे वाटले जातात. आई पिठाचा डबा बांधून देते, बाप उसने पैसे घेऊन त्याला एस. टी. त बसवून देतो. प्रवेश मिळाला म्हणजे सारे मिळाले, अशी आपली समजूत असते. पुढे काय होते? वसतिगृहाच्या खोलीत तिघे-चौघे असतात. पहिल्या दिवशी विचारणा होते. नाव काय? मग, पूर्ण नाव काय? मग, गाव कोणते? आणि शेवटी, प्रवेश परीक्षेत गुण किती? प्रश्न दिसावयास साधे आहेत. परंतु चौथ्या उत्तरानंतर बोलणे थांबते. कोणी शिवी देत नाही, कोणी ताट वेगळे मांडीत नाही. एवढेच होते की, दुसऱ्या दिवसापासून जेवावयास निघताना त्याला कोणी हाक मारीत नाही.

वर्गात प्राध्यापक इंग्रजीत भराभर बोलतात. शंका विचारावी तर उच्चाराला हसतील ही भीती. शिष्यवृत्ती उशिरा येते, खाणावळीचे बिल थकते. मग मुलगा खाणावळीच्या मालकाची नजर चुकवितो आणि सोबत्यांना सांगतो की, आज भूक नाही. घरून फोन येतो. आई विचारते, "अभ्यास चाललाय ना बाळा?" तो म्हणतो, "हो आई, सगळं ठीक आहे." त्या एका वाक्यामागे किती दिवसांचे मौन साचलेले असते, हे त्या माउलीला कसे कळावे?

ज्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेऊन अद्याप फार वर्षे झाली नाहीत, त्यांच्या मुलांवर आणखी एक भार असतो. आपण कुलदैवत सोडले, जत्रा सोडली, नवस-सायास सोडले. हे योग्यच केले. परंतु त्याबरोबर जुने मेळावे सुटले आणि काही सोयरेही दुरावले. नवा मेळावा अद्याप पुरता उभा राहिलेला नाही. वसतिगृहातील मुले दिवाळीचे बेत करू लागली की या मुलाला विचारतात, "तुमच्यात दिवाळी नसते का?" त्याने काय उत्तर द्यावे, हे आपण त्याला शिकविलेले नसते. काय सोडले ते त्याला ठाऊक असते. काय स्वीकारले ते चार लोकांत शांतपणे सांगण्याची तयारी आपण त्याच्याकडून करून घेतलेली नसते. मग तो गप्प बसतो; आणि गप्प बसण्याची सवय लागली की माणूस गर्दीतही एकटा होतो.

मी वकिली करणारा माणूस. तेव्हा प्रथम कायदा काय म्हणतो ते सांगतो.

अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा ठरविणारा कायदा १९५५ साली झाला. त्याचे आरंभीचे नाव अस्पृश्यता (अपराध) अधिनियम असे होते; १९७६ च्या दुरुस्तीने त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. त्याचे पाचवे कलम रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि वसतिगृहे यांसंबंधी आहे. त्याचे दोन भाग आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक उपयोगाच्या अशा संस्थेत प्रवेश नाकारणे हा पहिला अपराध. आणि प्रवेश दिल्यानंतर त्या व्यक्तीशी भेदभावाचे वर्तन करणे हा दुसरा अपराध. कायदा करणाऱ्यांनी हे दोन भाग वेगळे का केले, याचा विचार करा. दार उघडले म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. दाराच्या आत गेलेल्या माणसाला पुन्हा बाहेर असल्यासारखे वागविता येते, हे त्यांना ठाऊक होते.

पुढे १९८९ साली अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम झाला. लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे हा त्याखाली गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक बहिष्कार घालणे किंवा तशी धमकी देणे हेही त्यात स्पष्टपणे आले. काही कुटुंबे मला विचारतात की, आम्ही बौद्ध झालो, आता हे संरक्षण व या सवलती आमच्या मुलांना आहेत काय? आहेत. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती केली आणि त्या जातींतून बौद्ध धम्मात आलेल्यांचा त्यात समावेश केला. तेव्हा अर्जात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिताना मुलाचा हात थरथरण्याचे कारण नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांतील समतेविषयी विनियम केले. त्यांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची योजना होती. असे नियम वेळोवेळी बदलत असतात. म्हणून प्रवेश घेतानाच आपल्या महाविद्यालयात हा कक्ष कोठे आहे आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हे लेखी विचारून घ्यावे. फी किती हे विचारताना आपण लाजत नाही. मग हे विचारताना का लाजावे?

परंतु बंधूंनो, कायद्याची मर्यादाही मी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कायदा दार उघडावयास लावील. ज्याने शिवी दिली त्याला तो न्यायालयात उभा करील. पण शेजारी येऊन बस, याला जेवावयास हाक मार, हा आजारी आहे तर याच्यासाठी पेज आण, असा हुकूम जगातील कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिस्थितीचा अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर एकवटले होते. खाणावळीत आणि खेळांतही ते वेगळे पडले होते, असे त्यात नोंदले आहे. हे देशातील अत्यंत बुद्धिमान मुलांचे विद्यालय! प्रवेश होता, आपलेपण नव्हते.

घटनासमितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी हेच बजावले होते. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, आणि बंधुतेवाचून पहिल्या दोघांची मुळे खोल जाणार नाहीत, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बंधुता ही कलमांतून उगवत नाही. ती माणसांनी रोज करावयाची गोष्ट आहे.

आता दुसरा मुद्दा. एकाकी पडणे हा मुलाचा दुबळेपणा आहे, अशी एक समजूत आपल्याच लोकांत आहे. "बाबासाहेबांनी एवढे सोसले, तुला काय झाले?" असे आपण सहज म्हणून जातो. हे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन नीट वाचलेले नाही, असे मला वाटते.

बाबासाहेबांनी अपार सोसले हे खरेच. पण ते एकट्याच्या बळावर वर आले असे म्हणणे म्हणजे त्यांच्या मित्रांवर अन्याय होय. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळेतला एक मुलगा रोज वाचीत बसलेला कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी पाहिला. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचावयास पुस्तके दिली. त्याच्या सत्कारप्रसंगी त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. बागेतल्या एकट्या मुलाची एका वडीलधाऱ्या माणसाने केलेली ती विचारपूस आणि नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी, यांच्यामध्ये एक धागा आहे. तेव्हा विचारपूस ही क्षुल्लक गोष्ट आहे असे कोणी म्हणू नये.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आरंभी त्यांनी राहण्याच्या जागा बदलल्या. तेथील जेवण त्यांना रुचले नाही. नंतर नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते एका वसतिगृहात राहू लागले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणात पैशाची अडचण आली तेव्हा हाच मित्र उपयोगी पडला. कोलंबियातील सहाध्यायी आणि प्राध्यापक हे आपल्या आयुष्यातील उत्तम मित्र होते, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिले. आणि त्यानंतरचे १९१७ साल पाहा. परदेशी विद्येने संपन्न झालेला तो तरुण बडोद्यास नोकरीवर रुजू झाला, आणि त्या शहरात त्याला राहावयास खोली मिळेना. विद्या तीच, माणूस तोच. कोलंबियात त्याला बरोबरीचे स्थान होते, बडोद्यात नव्हते. मग दोष माणसाच्या मनोबलाचा की त्याच्या भोवतालच्या समाजाचा?

या अनुभवातून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. मी सोसले, तुम्हीही सोसा, असे ते म्हणाले नाहीत. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सभेने सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्यापूर्वी १९०८ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मिस क्लार्क बोर्डिंग उभे केले होते. शाळा होत्या, तरी वसतिगृहे का काढावी लागली? कारण या थोर पुरुषांना ठाऊक होते की, मुलाला पुस्तकाइकीच पंगतही लागते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले नागसेनवनात एकत्र राहिली, एकत्र जेवली, आणि त्यांतून लेखक, प्राध्यापक, कार्यकर्ते निर्माण झाले. ती मुले जन्मतः धीट होती असे नव्हे. त्यांना सोबत मिळाली म्हणून ती धीट झाली.

आता आपल्या धम्माकडे येऊ. विनयातील एक प्रसंग आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक भिक्षू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतर भिक्षूंच्या उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन तेथे आले. त्यांनी पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले. नंतर भिक्षूंना एकत्र बोलावून त्यांनी समजाविले की, तुम्ही घर सोडून आला आहात, येथे तुमची काळजी घेण्यास आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील?

वकिलाच्या दृष्टीने त्यापुढील भाग मला अधिक मोलाचा वाटतो. भगवंतांनी नुसता उपदेश केला नाही, जबाबदारीचा क्रम लावून दिला. उपाध्याय असेल तर त्याने पाहावे. आचार्य असेल तर त्याने पाहावे. नाहीतर शिष्याने, सोबत राहणाऱ्याने. आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने पाहावे. संघाने पाहिले नाही तर दोष संघाचा. हा नियम वसतिगृहाला तंतोतंत लागू पडतो. अधीक्षकाने पाहावे, प्राध्यापकाने पाहावे, खोलीतील सोबत्याने पाहावे. त्यांपैकी कोणी पाहत नसेल, तर आपला मुलगा ज्या संघाचा आहे त्या संघाने पाहावे. तो संघ म्हणजे आपण. आजारी मुलाला कोणी विचारले नाही, तर दोष मुलाकडे जात नाही. तो आपल्याकडे येतो.

कोणी म्हणेल, आजार निराळा आणि एकाकीपण निराळे. माझे म्हणणे असे की, दोहोंत माणसाला उचलून धरणाऱ्या हाताची गरज असते. २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. त्या प्रकरणांच्या न्यायालयीन बाजूंविषयी मी येथे बोलत नाही. इतकेच सांगतो की, त्या दोघांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ साली एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि विद्यापीठांतील जातिभेद थांबविण्याची परिणामकारक यंत्रणा त्यांनी मागितली. एक माता आंध्रची, दुसरी महाराष्ट्राच्या आदिवासी समाजातली. आपले दुःख घेऊन त्यांनी इतरांच्या लेकरांसाठी दाद मागितली. पुढे २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याच्या प्रश्नावर न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. न्यायालय आपले काम करील. आपण आपले केव्हा करणार?

आपले काम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो.

प्रथम घराचे काम. फोनवर गुण आणि पैसे या दोनच गोष्टी विचारू नका. "आज कुणाबरोबर जेवलास?" एवढे विचारा. या प्रश्नाचे उत्तर चार दिवस मिळाले नाही, तर पाचव्या दिवशी घरातील कोणीतरी एस. टी. धरून त्याला भेटून यावे. साऱ्या घराचे दारिद्र्य, बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज आणि समाजाचे नाव, हे सारे ओझे एका अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर रोज ठेवू नका. नापास झालास तरी हे घर तुझेच आहे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. मनात असून चालत नाही. बोलून दाखवावे लागते.

दुसरे, विहाराचे काम. आपल्या विहारात वर्गणीची वही आहे. तशीच बाहेरगावी शिकणाऱ्या मुला-मुलींची वही असावी. कोण कोठे शिकते, त्या शहरात आपला माणूस कोण, विहार कोणता, हे तीत लिहावे. नवा विद्यार्थी शहरात उतरेल त्या दिवशी त्याच्या आधी गेलेल्याने त्याला स्थानकावर घ्यावयास जावे. शहरातील विहारांनी महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विद्यार्थ्यांना एकत्र जेवू घालावे. तेथेच शिष्यवृत्तीचे अर्ज, शासकीय वसतिगृहाचे प्रवेश, आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठी असलेली शासनाची स्वाधार योजना यांची माहिती द्यावी. शिष्यवृत्ती थकली असता खाणावळीचे पैसे भागविण्यासाठी लहानसा निधी असावा. तो उसना म्हणून द्यावा, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही.

मुलींचा विचार यात प्रथम व्हावा. मुलगी एकाकी आहे असे तिने घरी सांगितले तर बहुधा तिला परत बोलावून घेतात, आणि पाठोपाठ तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते. या भीतीने ती सांगतच नाही. महाप्रजापती गौतमीने घर सोडले तेव्हा ती एकटी निघाली नाही. शाक्य स्त्रियांना सोबत घेऊन ती वैशालीपर्यंत पायी चालत गेली. आपल्या मुलींनाही सोबत द्या. परत बोलावणे हा उपाय नव्हे.

तिसरे काम विद्यार्थ्यांचे. मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण आडनाव लपवितात, १४ एप्रिलला विहारात जातात आणि खोलीवर येऊन बाजारात गेलो होतो असे सांगतात. हे भयापोटी होते, हे मी जाणतो. त्याबद्दल मी तुम्हांस दोष देत नाही. पण त्याची किंमत लक्षात घ्या. जे मित्र तुम्ही सांगितलेल्या खोट्या नावाचे आहेत, ते तुमचे नाहीत. त्यांच्यात बसूनही तुम्ही एकटेच राहता. निदान एका माणसाजवळ तरी खरे नाव, खरे गाव आणि खरी अडचण सांगा. तो आपल्याच समाजाचा असला पाहिजे असे नाही. केळुसकर आपल्या समाजाचे नव्हते, भथेना नव्हते. कल्याणमित्र कोणत्याही घरात जन्मू शकतो. आनंदाला वाटले होते की, कल्याणमैत्री हा श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग आहे. भगवंतांनी त्याला सुधारले आणि सांगितले की, तेच संपूर्ण श्रेष्ठ जीवन आहे. आणि तुमच्या खोलीत उद्या कोणी नवा मुलगा येईल, मग तो आदिवासी असो, भटका असो, मुसलमान असो वा गरीब मराठ्याचा असो; त्याला जेवावयास पहिली हाक तुम्ही मारा. आपल्याला जे मिळाले नाही ते दुसऱ्याला देणे, हीच मैत्री होय.

मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते लपवू नका. शासनाची १४४१६ या क्रमांकाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा आहे. तेथे आपल्या भाषेत बोलता येते. ताप आला तर डॉक्टरकडे जातो. मनाच्या दुखण्यात तसेच करण्यात कमीपणा कसला?

बंधू-भगिनींनो, नवे वर्ग सुरू झाले आहेत. आपल्या वस्तीतून यंदा कितीजण बाहेर शिकावयास गेले, हे या क्षणी आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आज उठण्यापूर्वी ती वही सुरू करावी, अशी माझी विनंती आहे. पहिल्या पानावर नावे लिहा, आणि प्रत्येक नावासमोर येत्या रविवारी त्याला फोन कोण करणार ते लिहा. शरण गच्छामि म्हणताना आपण रोज संघाला शरण जातो. दूर गेलेल्या लेकराला ज्याला शरण यावे असा संघ मिळवून देणे, हे आता आपल्या हाती आहे.

जयभीम.